आखूड कमठा, जड ओढ

नमस्कार श्रोतेहो. आज तिरकमठ्याबद्दल बोलायचं आहे. त्यातही आखूड आणि ओढायला जड अशा लाकडी कमठ्याबद्दल. कमठा हा शब्द हल्ली फारसा कानावर पडत नाही. आमचे आजोबा ओरडायचे, "पोरांनी तिरकमठे केलेत, डोळे सांभाळा!" मला तो धनुष्यापेक्षा जवळचा वाटतो, म्हणून आज तोच वापरणार आहे.

कामटीला सुतळी बांधून तिरकमठा तुम्हीही लहानपणी केला असेल. कामटी जितकी आखूड, तितकी ती लवकर मोडायची, हेही आठवत असेल. सगळी अडचण तिथेच आहे. कमठा ओढला की त्याची पाठ, म्हणजे निशाणाकडची बाजू, ताणली जाते. पोट, म्हणजे आपल्याकडची बाजू, दाबलं जातं. लांब कमठ्यात हा भार लांबवर वाटला जातो. आखूड कमठ्यात तेवढंच काम थोड्या लाकडाला करावं लागतं. इंग्लंडचं 'मेरी रोझ' हे लढाऊ जहाज १५४५ साली बुडालं आणि १९८२ साली वर काढलं. त्यातले यू नावाच्या झाडाच्या लाकडाचे कमठे फार जड ओढीचे होते, पण लांबीला सहा फुटांहून जास्त. लांब असेल तर जड ओढ लाकडाला पेलते. आखूड असेल तर फार जपून.

आता माझ्या पुतणीची गोष्ट सांगतो.

आम्ही गिरगावातले. पाडव्याच्या शोभायात्रेत आमच्याकडच्या मुली नऊवारी नेसून, फेटा बांधून मोटारसायकलवर निघतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. पुतणी तिरंदाजी शिकते. गेल्या वर्षी श्रावणात ती माझ्यासमोर येऊन बसली. "काका, पाडव्याला मला खरा कमठा हवा. थर्माकोलचा नको. चार फुटांचाच हवा, त्याहून लांब असला तर गाडीवर अडतो. आणि ओढ पन्नास पौंड." ओढ म्हणजे दोरी पूर्ण खेचायला लागणारा जोर. पन्नास पौंड म्हणजे जवळजवळ तेवीस किलो. मी विचारलं, "खेचणार किती?" म्हणाली, "अठ्ठावीस इंच, नेहमीसारखं."

दोरी मुठीपासून जितकी मागे येते ती खेच. इथे एक हिशोब सांगतो, लक्षात ठेवा. नुसत्या लाकडाचा, मुठीतही वाकणारा कमठा असेल तर खेचेची दुप्पट करा आणि तिचा दहावा हिस्सा मिळवा. अठ्ठावीसची दुप्पट छप्पन्न, वर साडेपाच. म्हणजे साडेएकसष्ट इंच लांबी हवी. पुन्हा सांगतो, दुप्पट आणि वर दहावा हिस्सा. चार फूट म्हणजे अठ्ठेचाळीस इंच, त्यात जेमतेम बावीस इंच खेच बसते. मूठ ताठ ठेवली तर त्याहून कमी, कारण मुठीतलं लाकूड वाकायच्या कामाला येतच नाही. हे मी तिला सांगितलं. तिला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही बघायचंच होतं.

पहिला कमठा मी चाळीतल्या जुन्या दरवाजाच्या सागवानी चौकटीचा केला. साठ वर्षं मुरलेलं लाकूड, वाटलं याच्यासारखं दुसरं नाही. भिंतीवर फळी ठोकून तिला खाचा पाडल्या, कमठा वर अडकवला आणि दोरी रद्दीवाल्याकडून आणलेल्या स्प्रिंगकाट्याने खाली ओढायला लागलो. सतरा इंचांवर असा आवाज झाला की शेजारचे धावत आले. तुकडा हातात घेऊन पाहिला. करवतीने कापलेल्या त्या चौकटीत लाकडाचा उभा धागा तिरका जात जात पाठीवर बाहेर पडला होता, आणि बरोबर तिथूनच फाटला होता. मुळात सागही ठिसूळच मोडतो. तो दारं-खिडक्यांसाठी घडलेला आहे. (या जुन्या चाळींच्या चौकटी आज मापावर विकल्या जातात, त्याचं मला वाईट वाटतं. सुतारांच्या तीन पिढ्यांनी हात फिरवलेलं लाकूड आहे ते.)

मग धामण नावाच्या झाडाचं लाकूड शोधायला निघालो. धामणीचं लाकूड चिवट आणि लवचिक. कुऱ्हाडीचे दांडे, गाडीच्या दांड्या तिच्याच करत, आणि कमठेही. रे रोडला लाकडाच्या वखारीत विचारलं तर सनमायकाची पुस्तकं पुढे केली. शेवटी गावाहून, संगमेश्वराकडून, एक ओंडका एसटीच्या टपावरून आला. करवतीने कापलेला नव्हे, पाचर मारून फोडलेला. फोडलेलं लाकूड आपल्या धाग्यानेच उघडतं, म्हणून कमठ्याला नेहमी फोडलेलं लाकूड घ्यावं. त्या ओंडक्याचे मी दोन भाग केले. एकाच झाडाचे दोन भाऊ, आणि दोघांची गत निराळी झाली.

पहिल्या भागाचा कमठा मी घाईने, भर पावसात केला. रुंदी सव्वा इंच. पन्नास पौंड हवेत म्हणून जाडी भरपूर ठेवली. मोडला नाही. पण दोरी उतरवून जमिनीवर ठेवला तर दोन्ही टोकं तीन इंच आत वळलेली. असा बाक बसला की ओढ गेली. काटा जेमतेम चौदा किलो दाखवत होता. पोटावरून नख फिरवलं तर आडव्या बारीक सुरकुत्या नखाला लागत होत्या. दाबाने धागे चुरडले होते.

चूक दोन ठिकाणी होती. एक, जाडी. लाकडाची रुंदी दुप्पट केली तर ते वाकवायला जोर दुप्पट लागतो, पण जाडी दुप्पट केली तर जोर आठपट लागतो. म्हणून जाडीचा मोह पडतो. पण जाड लाकूड थोडं वाकलं तरी त्याची पाठ आणि पोट फार ताणलं-दाबलं जातं. आखूड कमठ्याला खूप वाकायचं असतं, तेव्हा तो पातळच हवा, आणि ओढ रुंदीतून काढायची. रुंदी वाढवा, जाडी नको. हे एकच वाक्य आज घरी न्या: रुंदी वाढवा, जाडी नको. दुसरी चूक ओल. मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड हवेतलं पाणी पिऊन बसतं, आणि ओल्या लाकडाला बाक बसतोच.

दुसरा भाग मी अडीच इंच रुंद ठेवला, ढोबळ तासला आणि वहिनींच्या परवानगीने फ्रिजच्या मागे उभा केला. तिथे सतत कोमट हवा असते. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचो. पहिल्या रविवारी एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम. सात रविवारांनी एक किलो नव्वद, आणि आठव्या रविवारीही तेवढंच. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तिथल्या हवेपुरतं सुकलं. वहिनी दर रविवारी विचारायच्या, "बाळ किती उतरलं?"

मग कानस आणि काचेचा तुकडा. कमठा भिंतीवर लावायचा, ओढायचा, लांब उभं राहून दोन्ही भुजा, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंचे वाकणारे भाग, बघायच्या. ताठ वाटेल तिथे पोटाकडून खरवडायचं, वाकेल तिथे हात लावायचा नाही, पाठ तर अजिबात नाही. थोडं खरवडलं की तीस वेळा हलका ओढायचा, म्हणजे नवा वाक लाकडात बसतो. आणि काटा ठरलेल्या ओढीवर पोचला की थांबायचं, मग खेच दहा इंच झालेली असो की बारा. अर्ध्या तयार कमठ्याला पूर्ण ओढून बघायची घाई करू नका.

अठरा इंचांवर पुतणी म्हणाली, "अजून ओढा." वीसवर पुन्हा, "अजून." बावीसवर दोरी आणि टोक यांच्यातला कोन काटकोनाजवळ आला होता. त्यापुढे दर इंचाला काटा उड्या मारत चढतो, बाणाला मात्र तेवढा वेग मिळत नाही. मी हात थांबवला. काट्यावर वीस किलो, म्हणजे चव्वेचाळीस पौंड. तिने स्वतः ओढून पाहिला, तीन-चारदा, अलगद परत आणून. मग म्हणाली, "बावीसच बास, काका. आपला हा बावीसचाच आहे."

मग तुर्की आणि मोगली घोडेस्वारांचे आखूड, जड कमठे कसे टिकायचे, असं तुम्ही विचाराल. ते नुसत्या लाकडाचे नव्हते. पोटाला शिंग, पाठीला जनावराची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे चिवट तंतू, मध्ये लाकूड, सगळं सरसाने जोडलेलं. शिंग दाब सोसतं, कंडरा ताण सोसते. विष्णूच्या धनुष्याचं नाव शार्ङ्ग, म्हणजे शृंगाचं. आपल्या अभंगांतला शार्ङ्गधर तो हाच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही धनुष्याला ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी चार द्रव्यं सांगितली आहेत, आणि दोरीला रुई, ताग, कंडरा, अगदी बांबूसुद्धा. पण सरसाला ओल सोसत नाही. म्हणून हिंदुस्थानात पोलादी कमठेही केले जात, शस्त्रागारात ओलीने न बिघडणारे. आमच्या दमट किनाऱ्यावर बांबू आणि चिवट लाकूड यांनाच मी मान देतो. मालिकांमधले वीर सैल दोरीची धनुष्यं खांद्याला लावून फिरतात ते बघवत नाही. कमठ्याची दोरी चढलेली असली की ती कशी गाते, हे मुलांना ऐकवायला हवं. दुलई पिंजायला येणाऱ्या पिंजाऱ्याची तात आठवते का? तसा आवाज.

आणखी एक सांगतो. बाण न लावता ओढलेली दोरी कधी सोडू नका. बाणात जायची ताकद तेव्हा कमठ्यातच फिरते, आणि आखूड कमठा त्यानेच फुटतो.

पाडव्याला ती निघाली. अंजिरी नऊवारी, पाठीवर कमठा. ढोल वाजत होते, लोक फुलं उधळत होते, आणि मी गाडीच्या मागून चालताना खालच्या भुजेकडेच बघत होतो. दुपारी घरी आल्या आल्या तिने फेटाही न सोडता आधी दोरी उतरवली, कमठा फरशीवर ठेवला आणि पट्टी मागितली. बाक पाऊण इंच. तिने तो पेन्सिलने मुठीच्या आतल्या बाजूला लिहिला, खाली तारीख घातली.

ओंडक्याची ढलपी उरली होती, तिचा मुलांसाठी हलका कमठा होईल. ती आता फ्रिजच्या मागे उभी आहे. या रविवारी वजन चारशे दहा ग्रॅम भरलं.

नमस्कार.