शून्य रुपयाचं तिकीट

श्रोतेहो, नमस्कार. बसस्थानकावरच्या आणि बसमधल्या कॅमेऱ्यांविषयी बोलायचं ठरलं होतं. बोलू. पण आधी आमच्या खानापूरच्या आत्याची गोष्ट ऐका.

आत्या बेळगावात खरेदी करून निघाली. पिशवीत इरकल लुगडं आणि अर्धा किलो कुंदा, म्हणजे बेळगावची ती मिठाई. स्थानकावर ही गर्दी! ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट झाला, तेव्हापासून सीट धरणं म्हणजे कुस्तीच. बस लागली, आत्यानं खिडकीतून पिशवी आत टाकली, ढकलाढकलीतून चढली, बसली. खानापूर आलं, तर पिशवी नाही.

शेजारी कॉलेजचा पोरगा. झालं! "ह्यानंच घेतली की!" कंडक्टर विचारतोय, "एनात्री अक्का?" म्हणजे, काय झालं? आत्याला कन्नड येत नाही, पोराला तोंड उघडू देत नाही. पोरगा रडकुंडीला आला.

शेवटी आत्याच्या कनवटीला तिकीट सापडलं. शून्य रुपयाचं. फुकटचं म्हणून बायका ते फेकून देतात. पण त्यावर तारीख, वेळ छापलेली असते. त्या वेळेवरून स्थानकाचं चित्रण काढलं. काय दिसावं? आत्या पिशवी टाकतेय, तीही बाजूच्या चिकोडीच्या बसमध्ये! मग कुणीतरी हात केला, तशी ही धावत खानापूरच्या बसकडे. पिशवी चिकोडीला पोचली होती, कुंद्यासकट.

आत्याची तरी काय चूक? बसची पाटी कन्नडमध्ये. खाली मराठीत गावाचं नाव लिहायला किती रंग लागतो? हे माझं जुनंच रडगाणं, असो.

तर कॅमेरा. तो चोराला धरत नाही, फक्त बघतो. आणि बघितलेलं कायम ठेवत नाही. चित्रण ज्या डिस्कवर साठतं ती भरली की जुन्यावर नवं चढतं. म्हणून तक्रार लगेच करा. पुन्हा सांगतो, लगेच. आठवड्यानं गेलात, तर तुमचा दिवस पुसलेलाही असेल. तारीख, वेळ, बसचा नंबर सांगा. नंबर लक्षात नसेल तर तिकीट जपा, शून्याचं असलं तरी. छेडछाड, मारामारी असेल तर कॅमेऱ्याच्या भरवशावर बसू नका, ११२ फिरवा. आणि काचेवर धूळ बसलेला कॅमेरा दिसला तर डेपोत सांगा. आंधळा कॅमेरा काय कामाचा?

आत्यानं त्या पोराला पाव किलो कुंदा दिला. त्यानं घेतला. पण बसमध्ये आता तिच्या शेजारी बसत नाही म्हणे.