पाऊस मोजायचा तास

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, ‘स्टेम’ म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित एकत्र शिकायचं. हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे रोबोचं कीट येतं. एका शाळेत मी असं कीट पाहिलं. कपाटात, कुलपात, वरचं प्लास्टिकही न काढलेलं. मुलांनी मोडलं तर भरपाई कोण करणार, ही भीती. फार वाईट वाटलं मला. म्हणून आज मी बाटलीबद्दल बोलणार आहे.

पाण्याची रिकामी बाटली, सरळ अंगाची. वरचा भाग कापून उलटा तिच्यातच बसवला की झाला पर्जन्यमापक. चौथीच्या वर्गात पट्टी चिकटवायला घेतली आणि पहिल्याच पावलाला अडलं. तळ खाचाखोचांचा, मग शून्य कुठे धरायचं? बाटली वाऱ्याने पडू नये म्हणून एकीने खडे भरले होते. दुसरा म्हणाला, “खड्यांच्या फटीत पाणी जाईल की!” मग खडे बुडेपर्यंत आधी पाणी ओतलं आणि त्या पातळीवर शून्याची रेघ मारली. ही रेघ विज्ञानाची, अभियांत्रिकीची की गणिताची, हे एकाही मुलाने विचारलं नाही.

पुढे वाद पेटला: रुंद डब्यात जास्त पाऊस पडणार की नाही? पैज लागली. सरळ उभ्या बाजूंचा पत्र्याचा डबा बाटलीशेजारी ठेवला. सकाळी दोन्हीकडे पट्टी 14 मिलिमीटर दाखवत होती. डब्यात पाणी जास्त, पण उंची तेवढीच. मुलं कितीतरी वेळ वाकून पाहत राहिली. तेवढा वेळ त्यांना द्या, लगेच सूत्र सांगू नका.

आता गणित. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. शाळेचं छप्पर 12 मीटर बाय 6 मीटर, म्हणजे 72 चौरस मीटर. (पत्रा उतरता असला तरी त्याखालची जमीनच मोजायची.) 72 गुणिले 14, म्हणजे 1008 लिटर. 12 लिटरची कळशी धरली तर 84 कळशा. रोज हापशावर जाणारी एक मुलगी हे ऐकून म्हणाली, “सर, मग हे सगळं जातं कुठे?” पन्हळ कुठे बसवायची, टाकी केवढी लागेल, हे त्या वर्गाने स्वतःहून काढायला घेतलं.

हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. 1937 साली वर्ध्यात नई तालीमची मांडणी झाली, ती हाताच्या कामातून शिकण्याचीच. 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी पाबळला विज्ञान आश्रम उभा केला, तोही करत करत शिकण्यासाठी.

तुमच्याकडे माझं मागणं एकच आहे. आठवड्यातून एकदा विज्ञान आणि गणिताच्या तासिका जोडून घ्या. चाळीस मिनिटांनी घंटा झाली की मुलांचा प्रश्न अर्धवट तुटतो, आणि दुसऱ्या दिवशी तो परत येत नाही.

आणि बाटली पहिल्या पावसाआधीच कापून ठेवा. हवामान खातं सकाळी साडेआठला मागच्या 24 तासांचा पाऊस मोजतं. शाळेजवळ राहणाऱ्या मुलांनीही त्याच वेळी, रविवारीसुद्धा, नोंद करावी आणि आपला आकडा जवळच्या केंद्राच्या आकड्याशी ताडून पाहावा. फरक आला, तर तो का आला हे आधी त्यांनाच विचारा.