टाचेवरचा रक्ताचा थेंब

[दृश्य: प्रसूती विभाग. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ.]

बाळाला जन्मून जेमतेम दोन तास झालेत. वजन ४ किलो १०० ग्रॅम. आजी येईल त्याला सांगतेय, "कसं गुटगुटीत आहे बघा!" सिस्टर मात्र बाळाची टाच चोळून गरम करतायत. सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. साखर ३८.

एवढ्या भरल्या अंगाच्या बाळाची साखर कमी कशी?

उत्तर वारेत आहे, आणि आईच्या वाढलेल्या वजनात. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, ती साखर जिरवणारं तिचं इन्सुलिन जात नाही. अंगावर चरबी जास्त असली की आईचं इन्सुलिन नीट लागू पडत नाही. गरोदरपणात वारेतल्या संप्रेरकांमुळे ते आणखी अपुरं पडतं आणि साखर चढते. ती जिरवायला बाळ पोटातच स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवू लागतं. त्याच्या पोटावर, खांद्यांवर चरबी साठते. अशा बाळाचं डोकं बाहेर येऊनही खांदा अडकण्याची भीती असते. मग नाळ कापली जाते. साखरेचा पुरवठा तिथेच थांबतो, बाळाचं इन्सुलिन थांबत नाही. म्हणून ३८.

बाळाला आईच्या छातीशी लावतात. चीक पाजतात. थोड्या वेळानं पुन्हा टाच.

[दृश्य: तपासणीच्या खोलीतला वजनकाटा.]

आई काही डोळ्यांत भरण्याइतकी जाड नाही. पण पाच फूट उंचीच्या बाईचं वजन ५८ किलोच्या पुढे गेलं, की आपल्याकडच्या मोजमापानं तो लठ्ठपणाच. जगात सर्रास वापरतात ती मर्यादा याहून वरची आहे, जवळपास ७० किलोची. आपल्या अंगात चरबी लपून बसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं अभ्यासली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. तरी आपल्या किडकिडीत बाळांच्या कातडीखाली चरबी जवळपास तेवढीच होती.

वजन जास्त असेल तर बीपी वाढण्याचा, सीझर होण्याचा आणि टाके चिघळण्याचा धोका वाढतो. सोनोग्राफीत बाळ स्पष्ट दिसत नाही, आणि नेमका पाठीच्या कण्यातल्या व्यंगाचा धोका अशा बाळांत थोडा जास्त असतो. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासून हवी.

[दृश्य: डोहाळजेवणाचं ताट.]

"दोन जिवांची आहेस, दोघांचं खा." हे मायेनं म्हटलं जातं, पण पोटातल्या जिवाला दुसरं ताट लागत नाही. उलट टोकाला जाऊन उपाशी राहणंही घातकच. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी पोटभर खावी, साखर-तूप बेतानं, आणि रोज चालावं. एवढ्यानंही फरक पडतो.

आणि तपासायला आलेल्या बाईला चारचौघांत "किती वाढलीस गं!" म्हणू नये. ती पुढच्या तपासणीला येत नाही. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी करायची शुगरची तपासणी राहून जाते. तिचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला असता, तर आहार आणि औषधानं बाळाची ती टाच कदाचित वाचली असती.

[दृश्य: दीड महिन्यानंतर. लसीकरणाची रांग.]

आज बाळाची लस आहे. टोचून घेतलं, रडलं, आईच्या कुशीत शांत झालं. आई निघालीय. आशाताई तिला हाक मारतात. "थांब गं, आज तुझीपण शुगर बघायचीय. काही खाऊन नाही ना आलीस?"