शंभर डॉलरची सीडी

नमस्कार श्रोतेहो. लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात क्रेनशॉ आणि स्लॉसन हे रस्ते जिथे मिळतात, तिथे एक तरुण गाडीच्या डिकीतून स्वतःच्या गाण्यांच्या सीडी विकायचा. नाव एर्मियास असगेडम. वडील एरिट्रियाहून आलेले, आई अमेरिकन. हिपहॉप ऐकणारे त्याला ओळखतात ते निप्सी हसल म्हणून.

मोठ्या कंपनीशी, एपिक रेकॉर्ड्सशी, त्याचा करार झाला होता. पण अल्बम काही निघेना. २०१० मध्ये तो तिथून बाहेर पडला आणि ‘ऑल मनी इन’ नावाचं स्वतःचं लेबल, म्हणजे गाणी काढणारा ब्रँड, घेऊन कामाला लागला. त्याच वर्षाअखेर ‘द मॅरेथॉन’ आली, पुढच्या वर्षी ‘द मॅरेथॉन कंटिन्यूज’. या मिक्सटेप. म्हणजे रॅपर स्वतःच काढतो आणि बहुतेकदा फुकट वाटतो, असे संग्रह.

आता मला मनापासून आवडणारी गोष्ट सांगतो. निप्सीच्या हाती जोना बर्जर या प्राध्यापकांचं पुस्तक आलं. लोक एखाद्या गोष्टीची चर्चा का करतात, याबद्दलचं. त्यात फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलचा किस्सा आहे. तिथलं चीजस्टेक, म्हणजे पावात मांसाचे पातळ काप आणि वर चीज, हे तेव्हा रस्त्यावर चार-पाच डॉलरला मिळणारं खाणं. या हॉटेलनं ते उंची मांस, लॉब्स्टर घालून शंभर डॉलरला ठेवलं. गावभर त्याचीच चर्चा!

निप्सीनं ते वाचलं आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘क्रेनशॉ’ ही मिक्सटेप काढली. नीट ऐका हं, गंमत इथेच आहे. इंटरनेटवर ती फुकट. कुणीही उतरवून घ्यावी. आणि तीच गाणी सीडीवर हवी असतील, तर शंभर डॉलर. एका सीडीचे शंभर डॉलर! प्रती काढल्या फक्त हजार. ‘प्राऊड टू पे’ असं या मोहिमेचं नाव, म्हणजे पैसे देताना अभिमान वाटावा. सीडी घेणाऱ्यांसाठी वेगळा कार्यक्रमही ठेवला.

जे फुकट मिळतंय त्याला शंभर डॉलर कोण मोजणार? लॉस एंजेलिसमध्ये विक्रीसाठी तात्पुरतं दुकान मांडलं, तिथे रांग लागली. आणि जे-झी, रॅपमधलं केवढं मोठं नाव, त्यानं एकट्यानं शंभर प्रती घेतल्या. शंभर प्रती, शंभर डॉलरनं. दहा हजार डॉलर झाले की! हजारच्या हजार प्रती चोवीस तासांच्या आत संपल्या. एक लाख डॉलर, तेही कंपनीशिवाय.

मला तर वाटतं, आपल्याकडे नाटकाचा फुकट पास मागणाऱ्यांना ही गोष्ट आवर्जून ऐकवावी. ओळखीच्या नटाचा प्रयोग असेल तर तिकीट आधी आपण काढायचं. पास कसला मागता! असो.

पुढच्या वर्षी त्यानं ‘मेलबॉक्स मनी’ काढली. तिच्या शंभरच सीडी, एकेक हजार डॉलरला. तीही इंटरनेटवर फुकटच. आणि मग, इतकी वर्षं मिक्सटेप काढून झाल्यावर, १६ फेब्रुवारी २०१८ ला पहिला स्टुडिओ अल्बम आला, ‘व्हिक्टरी लॅप’. अटलांटिक या मोठ्या कंपनीबरोबर, पण नोकर म्हणून नव्हे, भागीदार म्हणून. सर्वोत्तम रॅप अल्बमच्या ग्रॅमीसाठी त्याला नामांकन मिळालं.

३१ मार्च २०१९ ला त्याच्याच कपड्यांच्या दुकानासमोर, त्याच क्रेनशॉ-स्लॉसनच्या चौकात, त्याला गोळ्या घालून मारलं. वय ३३. पुढच्या जानेवारीत त्याला दोन ग्रॅमी मिळाल्या, मरणोत्तर. फार हळहळ वाटते हो. गाण्यांबरोबर तो त्याच वस्तीत धंदे उभे करत होता, तिथल्या पोरांना हाताशी धरत होता.

‘व्हिक्टरी लॅप’ ऐकाल तेव्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओळीनं ऐका. मधलंच एखादं गाणं उचलून अल्बम कळत नाही, हे माझं ठाम मत आहे. आज मात्र वेळेअभावी एकच लावतोय, ‘हसल अँड मोटिव्हेट’. त्यात ‘अ‍ॅनी’ या संगीतिकेतल्या गाण्याचा तुकडा आहे. जे-झीनं १९९८ मध्ये तोच तुकडा घेऊन मोठं गाजलेलं गाणं केलं होतं. तर ऐकू या.