शून्य, शून्य, एक

(दृश्य : रात्र. कॉट बेसिसची खोली. ट्यूबलाइट.)

रात्रीचे साडेअकरा. पुण्याच्या सदाशिव पेठेतली कॉट बेसिसची खोली. अभ्यासिकेतून आलेला मुलगा सॅक खाली टाकतो, स्ट्रिपमधून एक कॅप्सूल काढतो, बाटलीच्या तळाला उरलेला घोट तोंडात घेतो, मान मागे टाकतो, दिवा मालवतो आणि आडवा होतो. सगळं मिळून वीस सेकंद.

औषध डॉक्सीसायक्लिन, १०० मिलिग्रॅम. पिंपल्ससाठी. मेडिकलवाल्याने पाकिटावर लिहून दिलंय : ०-०-१. सकाळी शून्य, दुपारी शून्य, रात्री एक. ‘रात्री’ म्हणजे झोपताना, असा अर्थ जवळजवळ प्रत्येक जण लावतो.

(दृश्य : एंडोस्कोपी.)

ही अन्ननलिका. निरोगी अस्तर असं गुलाबी, ओलसर असतं. कॅमेरा खाली सरकतो, छातीच्या मधोमध येतो. इथे महाधमनीची कमान नळीला बाहेरून किंचित दाबते, त्यामुळे वाट थोडी अरुंद होते. आणि हा व्रण : तळ पांढुरका, काठ लाल. समोरच्या भिंतीवर तस्साच दुसरा. कॅप्सूल इथे अडकली, जिलेटिन ओल्या अस्तराला चिकटलं आणि आतली पावडर जागच्या जागी विरघळली. डॉक्सी ज्या रूपात नेहमी मिळते, त्याचं द्रावण चांगलंच आम्लधर्मी असतं; ते पोटात जाऊन पातळ होण्याऐवजी एकाच जागी जाळत बसलं. आडव्या माणसाची कॅप्सूल खाली सरकायची तरी कशी?

असे लोक सांगतात ते साधारण एकसारखंच. सकाळी उठलो तर छातीत कळ. घास खाली उतरत नाही. पाणी पितानासुद्धा दुखतं. मग बहुतेक जण ॲसिडिटी समजून घरातलं गुलाबी अँटासिड पितात. त्यातलं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम डॉक्सीला धरून ठेवतं, म्हणजे पुढच्या कॅप्सूलचं औषधही रक्तात नीट पोचत नाही. रक्त वाढवायच्या लोहाच्या गोळीचंही तेच. कॉलेजच्या मुलींना दोन्ही गोळ्या एकदम चालू असणं काही नवीन नाही. लोह सकाळी, डॉक्सी रात्री, असं वाटून दिलं की बरंचसं भागतं. दुधाने डॉक्सीचं शोषण साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतं. जेवणातल्या ताकाच्या वाटीचा एवढा बाऊ नको, पण कॅप्सूल दुधाच्या ग्लासाबरोबर गिळू नये.

(दृश्य : तोच मुलगा, मेसचं ताट.)

आता हेच पुन्हा, नीट. साडेआठला जेवण. पोटात अन्न असलं की मळमळ बरीच कमी होते. उपाशीपोटी घेणाऱ्यांची पहिली तक्रार तीच असते. आधी एक घोट, घसा ओला करायला. मग कॅप्सूल. मग उरलेला पेला सगळा, अंदाजे २०० मिलिलिटर. त्यानंतर निदान अर्धा तास बसायचं, चालायचं, भांडी घासायची, काहीही. फक्त पाठ टेकायची नाही. छातीत दुखायला लागलंच तर कॅप्सूल थांबवून डॉक्टरांना कळवायचं. हा व्रण बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत भरून येतो.

(दृश्य : शेतातली माती, सूक्ष्मदर्शक, जुनी छायाचित्रं.)

या औषधाचं मूळ मातीत आहे. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाचं सॅनबर्न फील्ड नावाचं जुनं प्रयोगशेत आहे. तिथली चिमूटभर माती १९४५ मध्ये लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत आली. ती तपासणारे बेंजामिन डग्गर हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते, वय सत्तरीच्या पुढे. मातीतल्या एका सूक्ष्मजीवाची वाढ सोनेरी दिसली, म्हणून त्यातून निघालेल्या औषधाचं नाव ऑरिओमायसिन. लॅटिनमध्ये ऑरम म्हणजे सोनं. १९४८ मध्ये ते जगापुढे आलं. लेडर्लेचं संशोधन ज्यांच्या देखरेखीखाली चालत होतं, ते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले.

त्या घराण्यातलं डॉक्सीसायक्लिन १९६७ मध्ये बाजारात आलं. आधीचं टेट्रासायक्लिन उपाशीपोटी, दूधदुभतं लांब ठेवून, दिवसातून अनेकदा घ्यावं लागे. डॉक्सी जेवणासोबत चालते आणि रक्तात तिचं प्रमाण निम्म्यावर यायला सोळा ते बावीस तास लागतात. त्या ०-०-१ मधल्या दोन शून्यांचं कारण हेच.

(दृश्य : ॲनिमेशन. त्वचेचं रंध्र.)

रंध्रात तेल साचतं, तोंडाशी मृत पेशींचं बूच बसतं, आत क्यूटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू वाढतात आणि शरीर त्यावर चिडून उठतं. डॉक्सी जिवाणूंची प्रथिनं बनण्याचं काम अडवते. शिवाय ती ही चीडही शमवते, आणि पिंपल्समध्ये तिचा मोठा उपयोग याचाच आहे. मात्र बूच तिला निघत नाही. म्हणून लाल, पिवळी, ठणकणारी पुरळं ओसरतात आणि काळे ठिपके जिथल्या तिथे राहतात.

(दृश्य : दुचाकीवरून जाणाऱ्या मुली. सिग्नल.)

पुण्यातल्या मुलींचा स्कार्फ. डोळे सोडून चेहरा पूर्ण बांधलेला. डॉक्सी घेणारीला यापेक्षा चांगलं संरक्षण शोधून सापडणार नाही. आता हँडलवरच्या हातांकडे पाहा. ही बोटांची पेरं, हा मनगटाच्या वरचा लाल पट्टा, जिथे बाही संपते बरोबर तिथपर्यंत. आणि हे नख : टोकाकडून सुटलंय, खालची पांढरी पोकळी दिसते. डॉक्सी असताना अतिनील किरणांतले ‘ए’ किरण त्वचेला लवकर भाजतात, कधी नखाखालीही. हे किरण ढगांतून येतात, काचेतूनही येतात. डोस जितका जास्त, तितका धोका जास्त. सनस्क्रीन किमान एसपीएफ ३०चं, आणि ट्यूबवर ‘ए’ किरणांसाठीची पीए अधिकची चिन्हं असलेलं. चेहऱ्या-मानेला दोन बोटांवर ओढलेल्या रेघांइतकं, वर हातमोजे. गोव्याच्या सहलीच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवलेलं बरं.

(दृश्य : निळी उशी, टॉवेल.)

तपासणीच्या खोलीत कॅमेरा नव्हता; बाहेर आलेली चिठ्ठी मात्र आहे. तीत चार ओळी. कॅप्सूल. बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल, अडीच टक्के. ॲडापलीन ०.१ टक्का. सनस्क्रीन. काउंटरवर येईपर्यंत चाराची एक होते, कारण जेल महाग, पहिले दोन आठवडे सोलवटणारं आणि वर उशीचा अभ्रा असा नारिंगी करून ठेवणारं. बेन्झॉइल पेरॉक्साइड रंग उडवतं. पांढरा अभ्रा आणि जुना टॉवेल वापरला की प्रश्न मिटतो. पण चिठ्ठीतली सोडू नये अशी ओळ हीच आहे. या जेलला जिवाणू सरावत नाहीत, आणि ते सोबत असलं तर कॅप्सूललाही लवकर सरावत नाहीत. ॲडापलीन रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. फोडाफोडावर टिपके लावत बसायचं नाही. बूच काढणारं औषध ते हेच.

(दृश्य : मोबाइलमधले फोटो, बारा आठवडे.)

एकच खिडकी, एकच वेळ, दर रविवारी एक फोटो. पहिला, दुसरा, तिसरा आठवडा : फरक नाही. इथेच बरेच जण औषध सोडतात. सहावा : नवी लाल पुरळं कमी. बारावा : ठणका नाही, पू नाही, आणि गालभर तपकिरी डाग.

या फोटोवर थोडं थांबू. हे डाग म्हणजे पिंपल्स नाहीत. पुरळ बसल्यावर आपल्या गव्हाळ, सावळ्या त्वचेत उरलेला तो रंग आहे. महिनोन् महिने राहतो आणि अँटिबायोटिकने एका दिवसानेही लवकर जात नाही. तरी लोक ‘अजून चेहरा क्लिअर कुठे झालाय’ म्हणून डागांसाठी डॉक्सी चालू ठेवतात. चौथा महिना, सहावा, वर्ष. साधारण तीन महिन्यांनी कॅप्सूल थांबवून जेलवर राहायचं, हा नियम आहे. बंद करताना डोस हळूहळू उतरवावा लागत नाही.

मिनोसायक्लिन हे डॉक्सीचंच भावंड. ते घेणाऱ्या काहींना चक्कर येते. फार काळ घेतलं तर त्वचेवर हा असा निळसर-करडा रंग चढू शकतो. काहींच्या चिठ्ठीत अझिथ्रोमायसिन असतं, आठवड्यातून तीन दिवस.

गरोदरपणात डॉक्सी नाही. आठ वर्षांखालच्यांना पिंपल्ससाठी नाही. आयसोट्रेटिनॉइन हे पिंपल्सचंच दुसरं औषध चालू असताना तर नाहीच, कारण दोन्ही मिळून कवटीतला दाब वाढू शकतो. डोकं असह्य दुखणं, अंधुक दिसणं, तापासोबत अंगावर चट्टे : कॅप्सूल त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांकडे. योनीला खाज आणि दह्यासारखा स्राव हा बुरशीचा त्रास असतो. सांगायला लाज वाटते म्हणून तो लांबतो, पण औषध साधं आहे. महिनोन् महिने घेतल्यावर नाकातोंडाभोवती अचानक पिवळे फोड उठले, तर ते वेगळ्या जिवाणूंचे असतात आणि डॉक्सीचा डोस वाढवून जात नाहीत.

(दृश्य : मुंबई, जुलै. हिंदमाता.)

गुडघाभर पाणी. याच कॅप्सूलचं दुसरं काम. तुंबलेल्या पाण्यातून चालत गेलेल्या, जखम नसलेल्या मोठ्या माणसाला लेप्टोस्पायरोसिस हा ताप टाळण्यासाठी ७२ तासांच्या आत, डॉक्टरांच्या सल्ल्याने, डॉक्सी २०० मिलिग्रॅम एकदाच. स्क्रब टायफस या तापाच्या रुग्णालाही हीच लागते. गालासाठी वर्षभर घेतली की आतड्यातले, नाका-घशातले जिवाणूही तिला सरावत जातात.

(दृश्य : मेडिकलचा काउंटर. हात, पेन, पाकीट.)

स्ट्रिपवरची ही उभी लाल रेघ : चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, घ्यायची नाही. काउंटरवरचे काका पाकिटावर ०-०-१ लिहितात. मग थांबतात. खाली आणखी एक ओळ लिहितात, अक्षर जरा मोठं : जेवल्यावर. पेलाभर पाणी. लगेच झोपू नये. आणि कोपऱ्यात आजपासून तीन महिन्यांनंतरची तारीख. मुलगा पाकीट घेतो, तारीख वाचतो, विचारतो, ‘हे काय?’

‘त्या दिवशी माझ्याकडे यायचं नाही,’ काका म्हणतात, ‘आधी डॉक्टरांकडे जायचं.’