उरलेले चौदा नकाशावर

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय जिल्हा परिषदेच्या शाळेबद्दल. आपल्यातल्या निम्म्याअधिक लोकांनी पाटीवर ग म भ न तिथंच गिरवलंय. त्यामुळे खिचडीचा वास किती वाजता सुटतो आणि पावसाळ्यात कुठला कोपरा गळतो, हे मी सांगत बसत नाही. तुम्हाला ठाऊक आहे.

एक वाक्य मात्र आधीच सांगून ठेवतो, ते आज दोन-तीनदा येईल. पट, म्हणजे शाळेत नाव नोंदलेली पोरं, घटला म्हणून शिक्षक काढला, आणि शिक्षक काढला म्हणून पट घटला. दळण दळावं तसं हे गोल फिरतं, आणि जात्यात कोण असतं, ते तुम्ही जाणताच.

आता माझी गोष्ट. ही सांगितल्याशिवाय मला पुढं जाताच येत नाही. घरचे म्हणतात, तुम्हाला माइक दिला की तुम्ही चिंचोके काढणारच. तर काढतो.

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात एका वाडीवर मी नऊ वर्षं मास्तर होतो. दोन खोल्या, चार वर्ग, पट तेवीस. शिक्षक कागदावर दोन आणि शाळेत एक, म्हणजे मी. दुसऱ्या गुरुजींना तालुक्याला कसल्याशा कामाला लावलं होतं, ते शाळेत यायचे फक्त झेंडावंदनाला. दसरा झाला की वाडीवर ऊसतोडीचे ट्रक यायचे. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असायची, तिचे पैसे पावसाळ्यातच संपलेले असायचे. मग भांडी, गोधड्या, कोंबड्या, शेळी आणि लेकरं, सगळं ट्रकात. दिवाळीनंतर वर्गात उरायची नऊ पोरं, ज्यांची आजी धडधाकट होती ती. आईबाप तोडीला गेले तरी पोरं गावातच राहावीत म्हणून काढलेली हंगामी वसतिगृहं आमच्याकडे पोचायची होती अजून.

मी हजेरी घ्यायचो. नाव पुकारलं की शांतता. नियमानं तिथं गैरहजेरी मांडायची आणि पुढं जायचं. पण तिसरीतली एक चिमुरडी गप्प बसायची नाही. ‘गेला गुरुजी, कराडकडं.’ पुढचं नाव. ‘ती बारामतीकडं.’ पुढचं नाव. ‘त्ये दोघं भाऊ बेळगावच्या बाजूला, पण धाकटा तापानं फणफणलाय, मावशीचा फोन आलता.’ आधी मी दटावलं. मग लक्षात आलं, की ही पोरगी माझ्यापेक्षा नीट हजेरी घेतेय.

भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा होता. आम्ही जोंधळ्याचे दाणे घेतले आणि खळीनं चिकटवले. जो जिथं गेला तिथं त्याचा दाणा. चार दिवसांत उंदरानं अख्खं कोल्हापूर खाल्लं. मग चिंचोके आणले. चिंचोका उंदराला फुटत नाही. प्रत्येकावर खडूनं हजेरीचा नंबर. भूगोल मी त्या वर्षी वेगळा शिकवलाच नाही. आणि कर्नाटक आमच्या नकाशात नव्हतं, म्हणून बेळगावचे दोघं खाली भिंतीवर, चुन्याला चिकटलेले.

डिसेंबरात एक दिवस साहेब आले तपासणीला. न कळवता. हजेरीपट उघडला: तेवीस. वर्गात बोटं मोजली: नऊ. चष्मा काढला, पुसला, पुन्हा मोजली. मी उभाच, घसा कोरडा. म्हणाले, ‘मास्तर, चौदा पोरं कुठायत?’ मी तोंड उघडायच्या आत ती पोरगी उठली, छडी घेतली आणि नकाशाजवळ गेली. एकेक चिंचोका, एकेक नाव, कोण कुणाच्या टोळीत, कुणाची आई कोयत्यावर आणि कोण पाळण्याजवळ बसून धाकट्याला सांभाळतंय. शेवटी म्हणाली, ‘साहेब, तुमच्या बुटापाशी अकरा नंबर पडलाय. तो फलटणला लावायचा.’

साहेब वाकले. चिंचोका उचलला. खळीचं भांडं मागितलं आणि स्वतः लावला, जरा तिरपा. मग खुर्चीवर बसून नकाशावरचे चिंचोके मोजले. तेरा आणि हा एक, चौदा. ‘परत येतात का गं?’ ‘पाडव्याच्या पुढंमागं सगळे येत्यात.’ खिचडी खाल्ली, शेरेबुक मागितलं आणि लिहिलं: ‘पट 23. उपस्थित 9. उरलेले 14 नकाशावर.’ खाली सही. सरकारी कागदावर इतकं खरं वाक्य मी पुन्हा वाचलेलं नाही.

तुम्ही विचाराल, मग दुसरे गुरुजी परत आले का? नाही आले. साहेबांचीच बदली झाली.

पुढं 2011 साली पटावरची पोरं खरंच आहेत का, हे बघायला राज्यभर पटपडताळणी झाली. 3 ते 5 ऑक्टोबर, मतदानासारखी पोरांच्या बोटाला शाई. दसरा त्या वर्षी 6 तारखेला होता. ट्रक एक आठवडा आधी आले असते, तर आमची चौदा खरी पोरं खोटी ठरली असती. खोटी नावं राज्यात लाखांनी सापडली, ती पकडायलाच हवी होती. पण मोजायला येणाऱ्याला ट्रक कधी सुटतात हे माहीत हवं.

आता उरलेल्या वेळात धोरणाचं बोलतो. 2017 साली दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करून पोरं दुसरीकडे पाठवायचं ठरलं. 2023 साली वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांची गणती झाली: 14,783 शाळा, 1 लाख 85 हजारांवर मुलं. या एकत्र करून समूहशाळा काढायच्या, पोरं गाडीनं न्यायची, असा बेत होता. शिक्षणहक्क कायदा म्हणतो, प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी आणि साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. गाडी येईलही. पण ओढ्याला पूर आला की गाडी येत नाही, आणि पोरगी मोठी होत आली की आई तिला गाडीत बसवत नाही. मग शाळा सुटते. ती कुणाच्या पटावर दिसत नाही.

2023च्याच सप्टेंबरात दत्तक शाळा योजनेचा शासन निर्णय निघाला. ग्रामीण शाळेसाठी पाच वर्षांना 50 लाख, दहा वर्षांना 1 कोटी, रोख नाही, वस्तू आणि सेवा. देणगीदाराचं नावही शाळेला जोडता येईल, असं त्यात होतं. आपल्याकडे दत्तक कुणाला देतात हो? आई-बाप हयात असताना, हातपाय धड असताना, लेकरू दत्तक का द्यायचं? गावानं शाळेला पातेली दिली, कपाट दिलं, त्यावर ‘सप्रेम भेट’ कोरलं, त्याला कुणाची ना नाही. पातेलं सप्रेम भेट असतं, शाळा नसते.

2012 सालच्या स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय चालणाऱ्या, शाळांच्या कायद्यानं दुसरी वाट मोकळी केली, आणि पिवळी बस डोंगराच्या पायथ्यापर्यंत आली. (एप्रिलच्या उन्हात सहा वर्षांच्या पोराच्या गळ्यात टाय कशाला बांधतात, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. गळ्याला घामोळं येतं, इंग्रजी येत नाही. असो.) बसमध्ये बसवणाऱ्या आईला मी दोष देत नाही. चार वर्गांना एक मास्तर, आणि तोही मतदारयाद्या घेऊन फिरतोय, हे ती बघते. खरं सांगायचं तर माझा धाकटाही दोन वर्षं त्याच बसनं गेला. वाडीवर मान खाली घालून चालायचो.

म्हणून पुन्हा सांगतो, पट घटला म्हणून शिक्षक काढला, आणि शिक्षक काढला म्हणून पट घटला. 1917 साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पोर शाळेत धाडलं नाही तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड होता. आता पोर आलं नाही तर शिक्षा शाळेला.

घड्याळ पुढं गेलंय, खिडकीपलीकडून मला हात दाखवताहेत. एवढंच सांगतो. कुठल्या शाळेला किती शिक्षक, हे ठरवणाऱ्या संचमान्यतेसाठी पट धरतात 30 सप्टेंबरचा. त्याआधी एकदा शाळेत जा. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालकच असतात, तेव्हा विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. मंजूर शिक्षक किती, हजर किती, आणि मधले कुठल्या कामाला लावलेत, हे विचारा. उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा.

नमस्कार.