भाकरी कुणाच्या ताटात?

[दृश्य: मंगळवेढा. क्षितिजापर्यंत उभी ज्वारी.]

सोलापूर जिल्ह्यातला मंगळवेढा तालुका. इथल्या काळ्या, खोल जमिनीत पावसाची ओल महिनोन्‌महिने टिकते आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी पोसते. वाण मालदांडी 35-1, स्वातंत्र्याच्याही आधीचा. दाणा टपोरा, भाकरी पांढरीशुभ्र आणि गोड.

दोन पिढ्यांपूर्वी या भागात दोन्ही वेळा भाकरीच असायची. गहू निघायचा सणाला, नाहीतर जावई आला तर. पुढे घरातलं कुणी नोकरीला लागलं, हातात पैसा खेळू लागला आणि रोजच्या ताटात चपाती आली. उत्पन्न वाढलं की ज्या वस्तूची मागणी घटते, तिला अर्थशास्त्र निकृष्ट वस्तू म्हणतं. ज्वारी त्या यादीत गेली. दाणा होता तसाच होता.

एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं 1857 मध्ये बेल्जियममधल्या कामगारांचे घरखर्च तपासून दाखवलं, की उत्पन्न वाढतं तसा अन्नावरच्या खर्चाचा वाटा घटतो. आपल्याकडेही तेच घडलं. 1999-2000 मध्ये ग्रामीण भारतातलं कुटुंब खर्चाच्या दर 100 रुपयांतले सुमारे 22 रुपये धान्यावर घालवत होतं. 2022-23 च्या घरखर्चाच्या सरकारी पाहणीत ते 5 रुपयांच्या आसपास आले. तयार खाद्यपदार्थ आणि पेयांवरचा खर्च धान्याच्या पुढे गेला. अर्थात यात रेशनच्या स्वस्त धान्याचाही हात आहे.

[दृश्य: रेशन दुकान. काट्यावर गहू.]

ज्वारीची खरी कोंडी इथे झाली. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलो केला. 2023 पासून दोन्ही मोफत. प्राधान्य गटातल्या पाच माणसांच्या घराला महिन्याला 25 किलो धान्य मिळतं. ज्वारी मात्र बहुतेक वेळा बाजारातून, रोख पैसे मोजून आणायची. ज्वारीचा भाव एक पैशानं वाढला नसता, तरी या घरासाठी ती महागच झाली असती, कारण तिच्या शेजारचा गहू फुकट झाला. एका वस्तूची मागणी दुसरीच्या किमतीनं कशी हलते, ते समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण नाही.

[दृश्य: चूल. जवळून हात आणि परात.]

आणखी एक किंमत आहे, ती पावतीवर येत नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. गरम पाण्यात पीठ मळायचं, परातीत कोरड्या पिठावर थापायचं, कडेला चीर पडू द्यायची नाही. तव्यावर टाकल्या टाकल्या वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग निखाऱ्यावर फुगवायची. पीठ जुनं झालं तर भाकरी थापतानाच तुटते. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून आलेल्या बाईच्या हिशेबात हे सगळं असतं.

गिऱ्हाईक घटलं तशी शेतंही बदलली. पाणी आलं तिथे ऊस गेला, इतरत्र सोयाबीन, तूर. ज्वारीची काढणी हातानं, मजूर मिळायची मारामार. कित्येक शेतकऱ्यांनी ज्वारी टिकवली ती जनावरांच्या कडब्यासाठी.

[दृश्य: पुण्यातलं उपाहारगृह. वाफाळती भाकरी, पिठलं, ठेचा.]

आणि मग वारं फिरलं. मधुमेह घरोघरी आला, डॉक्टर भाकरी खायला सांगू लागले, 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष, म्हणजे ज्वारी-बाजरीसारख्या धान्यांचं वर्ष ठरलं. शहरात ज्याचं उत्पन्न जास्त, तो आज ज्वारी आवर्जून मागतो. पेरा घटलेला, मागणी चढलेली. त्याच हंगामात, 2023-24 मध्ये, सरकारनं मालदांडीचा हमीभाव क्विंटलला 3,225 रुपये ठेवला, गव्हाचा 2,275. सणाच्या धान्याला रोजच्या धान्यानं मागं टाकलं.

पण भाववाढ सगळ्यांना सारखी लागत नाही. पगारदार माणूस किलोमागे दहा रुपये जास्त देतो आणि विसरून जातो. मजुराच्या घरात त्याच दहा रुपयांनी ज्वारीचं पोतं यायचं थांबतं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवर कष्ट उपसले, त्यांच्याच ताटातून ती निघून जावी, हे मनाला लागतं. त्यांना भाकरी नकोशी झाली, असं म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांनी भाव पाहून निवड केली, कुणीही केली असती.

2013 च्या त्याच अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याचा दरही लिहिलेला होता: 1 रुपया किलो. सगळ्यांत कमी. हमीभावानं ज्वारी खरेदी करून ती सोलापूर, धाराशिव, बीडच्या रेशन दुकानांत वर्षभर गव्हाशेजारी ठेवावी आणि कार्डधारकाला निवडू द्यावं. लोकांना ज्वारी हवी आहे का, ते पहिल्याच महिन्यात कळेल.